झाकणाविषयी जनमत

कोणत्याही शहराची प्रगती तिथल्या रस्त्यांवरून मोजू नये. एखादे काम करण्यापूर्वी नागरिकांना किती वेळा विचारले जाते, यावरून ती मोजावी. या मापाने ही नगरपालिका फारच पुढे गेलेली होती. दवाखान्याच्या रस्त्यावर, बेकरीच्या थोडे पुढे, गटाराचे भोक सात महिने उघडे होते. त्यावर झाकण लावावे की नाही, हे तिने नागरिकांना अकरा वेळा विचारले होते. (उत्तरे आली होती. ती विचाराधीन होती.)

झाकण नगरपालिकेच्याच भांडारात होते, दारातून आत गेले की उजव्या हाताला, भिंतीला टेकून. गवंड्याला ते रोज दिसे. बांधकाम खात्यात त्याची बावीस वर्षे गेली होती. झाकण बसवायला एक हातगाडी, एक पहार आणि वीस मिनिटे लागतात, हे त्याला ठाऊक होते. इतकी नेमकी माहिती असलेल्या माणसाला बैठकीला बोलवायची पद्धत नसल्याने ती त्याच्यापाशीच राहिली.

गवंड्याची घाई मात्र घरगुती होती. त्याच्या आईला एका डोळ्याने दिसत नव्हते आणि दुसऱ्याने ती, तिच्याच शब्दांत, 'अंदाजे' बघायची. पायाच्या जखमेची पट्टी बदलायला ती दिवसाआड दवाखान्यात जाई, आणि एकटीच जाई, कारण कुणी हात धरला की तिचे डोके फिरे. बेकरीच्या पायरीपासून तेवीस पावले मोजायची, मग भिंतीला हात लावून वळसा घालायचा, अशी तिची व्यवस्था होती. सात महिन्यांत ती एकदाही चुकली नव्हती. (शहरात बिनचूक चाललेली ही एकमेव व्यवस्था. तिची कुठे नोंद नाही.)

"बसलं का रे झाकण?" ती जेवताना विचारी.

"बसवतायत, आई."

"बसवतायत म्हणजे? झाकण बसवतायत की अंडी उबवतायत?"

प्रश्न रास्त होता. हे काम बांधकाम खात्याकडून काढून घेऊन नवोपक्रम व लोकसहभाग कक्षाकडे दिले होते. कक्षाचे साहेब तरुण, हसतमुख आणि कुणावरही आवाज न चढवणारे होते. त्यांनी भोकाभोवती गोल खुर्च्या मांडून कार्यशाळा घेतली आणि प्रत्येकाच्या हाती रंगीत चिठ्ठी दिली. चौसष्ट नागरिक आले. बासष्ट जणांनी 'झाकण लावा' असे लिहिले. एकाने 'लवकर लावा' असे लिहिले. एका बाईंनी पेन चालते का बघायला फूल काढले.

कक्षाला मतांची विविधता प्रिय असल्याने एकसारख्या चिठ्ठ्या एकच धरण्याचा नियम होता. त्यामुळे झाकणाला एक मत पडले आणि फुलाला एक. 'लवकर' हा शब्द विषयाला सोडून असल्याने ती चिठ्ठी बाद झाली. बरोबरी झाल्यामुळे चर्चा पुढे चालू ठेवणे क्रमप्राप्त होते. अहवालाच्या मुखपृष्ठावर फूल छापले. दुसऱ्या गावांचे अधिकारी भोक बघायला येऊ लागले, आणि शहरातले सर्वाधिक लोकसहभाग लाभलेले ठिकाण म्हणून त्याला ढाल मिळाली.

गवंडी शेवटी साहेबांकडे गेला. "साहेब, झाकण भांडारातच आहे. सकाळी बसवून टाकतो. कुणाला कळणारही नाही."

"तीच तर अडचण आहे, मिस्त्री," साहेब कळवळून म्हणाले. "कुणाला कळणार नाही. मग सहभाग कुठं राहिला?"

पुढच्या सुट्टीच्या दिवशी गवंड्याने झाकण हातगाडीवर घातले आणि अठरा मिनिटांत बसवले. (दोन मिनिटे वाचली. तो झाकणावर उभा राहून नाचला.)

"आई, मी स्वतः बसवलंय," घरी येऊन तो म्हणाला. "आता मोजत बसू नकोस."

"नक्की?"

"नक्की."

म्हातारी न मोजता चालू लागली. वाटेत बेकरीवाल्याशी दोन शब्द बोलायलाही तिला फुरसत मिळाली. गवंड्याला बावीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या नोकरीचा अभिमान वाटला.

तिकडे सहभाग एकदम शून्यावर आला. सार्वजनिक सहभागस्थळ नष्ट केल्याबद्दल गवंड्याला नोटीस निघाली. झाकणाचे काय करायचे, हे मात्र साहेबांनी एकट्याने ठरवायला नकार दिला, कारण ते लोकशाही मानणारे होते. शुक्रवारी त्यांनी शहरातल्या चाळीस हजार मोबाइलवर संदेश पाठवला: 'झाकण काढावे का? उत्तर न आल्यास संमती समजण्यात येईल.'

'नाही' असे दोनशे चौदा जणांनी कळवले. त्यांत गवंडी होता, बेकरीवाला होता. 'हो' कुणीच म्हटले नाही. अशा गोष्टीला हो कोण म्हणणार, म्हणून गवंडी निर्धास्त होता.

मंगळवारी दहा वाजता तो नोटिशीचे उत्तर द्यायला कक्षात बसला असताना साहेबांनी त्याला निकाल दाखवला. झाकण काढण्याच्या बाजूने एकोणचाळीस हजार सातशे शहाऐंशी. विरोधात दोनशे चौदा. लोकांचा कौल इतका स्पष्ट असल्याने झाकण सकाळीच काढले होते.

गवंडी खुर्ची पाडून धावत सुटला. पण मंगळवार पट्टीचा दिवस होता आणि आई न मोजता निघाली होती.

तिचे कमरेचे हाड मोडले. दवाखान्यात तिने त्याच्यावर राग काढला नाही, तेच त्याला सोसवेना. "तूच म्हणालास ना रे, मोजू नकोस," एवढेच ती म्हणाली. त्याला रडू आवरले नाही.

संध्याकाळी साहेब अभिप्रायाचा अर्ज घेऊन आले. "आजी, आपला अनुभव कसा होता?"

"तू एकदा आत जाऊन ये," आजी म्हणाली. "मग दोघं मिळून लिहू."

गवंड्याने साहेबांची कॉलर धरली. साहेबांनी शांतपणे पिशवीतून संमती देणाऱ्यांची यादी काढून त्याच्या हातात ठेवली. "मी नाही ठरवलं, मिस्त्री. यांनी ठरवलं."

गवंडी अजून ती यादी वाचतो आहे. एकेका नंबरावर बोट ठेवून, सावकाश. तुम्हाला तो संदेश आठवत नसेल. तुम्ही काहीतरी वाचत होता आणि 'बघू नंतर' म्हणून तो बोटाने बाजूला सारलात. तुमचा नंबर बाविसाव्या पानावर आहे. आपल्या सहभागाबद्दल कक्ष आपला आभारी आहे.