सम्राट की देवी?

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. प्राचीन रोमन नाण्यांतलं मला जेवढं कळतं, तेवढं आमच्या सबंध नात्यागोत्यात कोणाला कळत नाही! आमच्या नात्यागोत्यात त्या नाण्यांकडे दुसरं कोणी ढुंकूनही बघत नाही, ही गोष्ट वेगळी.

धंद्याने मी चष्मेवाला. दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे आणि गिऱ्हाईक नसलं की काउंटरखालची लाकडी पेटी वर काढायची, हा माझा कार्यक्रम. पेटीत मखमलीच्या खाचांमध्ये काशाची एकतीस नाणी आहेत. एका बाजूला कोणीतरी सम्राट, दुसऱ्या बाजूला त्यांचे देव. कोणाच्या हातात वीज, कोणाच्या पायांना पंख, एकावर तर दोन बाळांना दूध पाजणारी लांडगी आहे. प्रत्येकाची गोष्ट मला पाठ आहे आणि ती सांगायला मी कायम तयार असतो. पेटी दिसली की बायकोला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं. गॅस बंद असला तरी आठवतं.

खरा श्रोता एकच, आमचे सासरे. त्यांनी चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली. बारीक कामाची कदर असणारा माणूस! रविवारी आमच्याकडे आले की ते आरामखुर्चीत बसत, डोळे मिटून घेत आणि मी पहिल्या सम्राटापासून सुरुवात करी. मधूनमधून मान खाली झुकवून दाद देत. डोळे मिटून ऐकतो तो खरा दर्दी, असं माझं तेव्हा मत होतं.

सासूबाई गेल्यानंतर ते तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहत होते. त्यात मागच्या महिन्यात जिन्याची शेवटची पायरी चुकली आणि पाय मुरगळला. आता त्यांनी एकटं राहायचं नाही, यावर दोन्ही मुलींचं एकमत झालं. दोघी बहिणींचं एकमत झालेली ती शेवटची गोष्ट. कारण बाबा माझ्याकडेच राहणार, असं माझी बायकोही म्हणाली आणि मेहुणीही. पंधरा दिवस फोन चालू होते. आधी प्रेमाने, मग अश्रूंनी, मग लहानपणी कोणाची बाहुली कोणी मोडली इथपर्यंत गाडी गेली. सासऱ्यांना विचारलं की ते म्हणत, "तुम्ही दोघी ठरवा. मला काय, एक खुर्ची पुरते."

मला विचाराल तर मला सासरे हवेच होते. बायकोपेक्षा जास्त हवे होते. रोजच्या रोज हक्काचा श्रोता! या वयात असं भाग्य कोणाला मिळतं?

तोडगा साडूंनी काढला. साडू शाळेत खेळाचे शिक्षक, शिवाय रविवारी फुटबॉलच्या सामन्यांत पंच. ज्या गोष्टीचा निकाल लागत नाही तिला नाणेफेक, हे त्यांचं जीवनविषयक तत्त्वज्ञान. येत्या रविवारी सगळ्यांनी आमच्याकडे जमायचं, सासऱ्यांसमोर नाणं उडवायचं, जो निकाल लागेल त्यावर कोणी ब्र काढायचा नाही. बहिणींनी मान्य केलं. सासरेही बरं म्हणाले.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "एवढ्या मोठ्या निर्णयाला खिशातली चिल्लर काय उडवायची? माझ्याकडे रोमन नाणं आहे. त्याच्या एका बाजूला किरणांचा मुकुट घातलेला सम्राट आणि दुसऱ्या बाजूला साक्षात नशिबाची देवी!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नाणं खरोखर तसंच आहे. देवीच्या एका हातात माणसांची नाव वळवायचं सुकाणू, दुसऱ्या हातात फळांनी भरलेलं शिंग. फक्त दीडदोन हजार वर्षांत ते जरा झिजलंय. जरा म्हणजे, कुठली बाजू कुठली हे मलासुद्धा हिरव्या डागावरून कळायचं. डाग आहे ती देवी, डाग नाही तो सम्राट. ही खूण मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. तज्ज्ञाच्या काही गोष्टी गुप्त असतात.

शनिवारी दुपारी वाटलं, चारचौघांत जाणार, तर नाणं जरा स्वच्छ दिसावं. दुकानात चष्मे धुवायचं मशीन आहे. पाण्यात चष्मा ठेवायचा, बटण दाबायचं, आतल्या आत पाणी थरथरतं आणि कानाकोपऱ्यातला मळ निघतो. मी त्यात नाणं टाकलं आणि एका आजीबाईंचा नंबर काढायला बसलो. आजीबाईंनी पाऊण तास घेतला. परत आलो तेव्हा पाणी हिरवं झालं होतं आणि नाणं लखलखीत! मी खूश होऊन ते पुसलं आणि डबीत घातलं. डोक्यात एवढासाही प्रकाश पडला नाही.

रविवारी सगळे जमले. दोघी बहिणी सोफ्याच्या दोन टोकांना बसल्या, मधे सासरे. मी ऐटीत जाहीर केलं, "सम्राट आमचा, देवी तुमची." साडूंनी नाणं अंगठ्यावर घेऊन उडवलं. पहिल्यांदा ते छताला लागून फ्रिजखाली गेलं. झाडूने ओढून काढलं तेव्हा सोबत दोन बटणं आणि बायकोची हरवलेली टिकली आली. साडूंनी फेक बाद ठरवली. दुसऱ्यांदा ते जेवणाच्या टेबलाच्या मधोमध पडलं, गरगरलं आणि शांत झालं. सगळे वाकले.

बायकोने विचारलं, "अहो, काय आहे?"

मी वाकून बघितलं. हिरवा डाग नव्हता. म्हणजे सम्राट! पण मग मशीनमधलं हिरवं पाणी आठवलं. डाग कालच धुऊन गेला होता! मी खिशातलं भिंग काढलं, नाणं दिव्याखाली धरलं, चष्मा काढला, चष्मा घातला. समोर एक उंचवटा होता.

मेहुणी म्हणाली, "भावोजी, आता बरं दिसतंय की आधी बरं दिसत होतं?"

हा प्रश्न मी रोज तीस जणांना विचारतो. समोरच्याला तो इतका लागतो हे मला माहीत नव्हतं.

मग सगळ्यांनाच दिसायला लागलं. मेहुणीला सुकाणू दिसलं, म्हणजे देवी. बायको म्हणाली ती सम्राटाची दाढी आहे. साडूंना उडी मारणारा गोलरक्षक दिसला. मागची बाजू बघून ताडून घेऊ म्हणून त्यांनी नाणं उलटलं. मागेही उंचवटाच होता. मेहुणीने ते पुन्हा उलटलं, बायकोने तिच्या हातातून घेतलं, आणि दोन मिनिटांनी लक्षात आलं की मुळात वर कुठली बाजू पडली होती हेच आता कोणाला आठवत नाही.

पुन्हा उडवू म्हटलं तर मेहुणी ऐकेना. देवी पडली होती, ती पुन्हा कशाला उडवायची? बायको म्हणाली, पडला होता सम्राट. साडूंनी आपल्या खिशातलं साधं नाणं पुढे केलं तर दोघींनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी ते परत खिशात घातलं. मग मेहुणीचे डोळे भरून आले. "भावोजींनी मुद्दाम सपाट नाणं आणलं. काहीही पडलं तरी त्यांनीच सांगायचं," असं म्हणून ती पर्स उचलायला लागली. बायकोही रडायला लागली. माझ्यासारख्या नवऱ्याला एवढी लबाडी जमणार नाही, हा तिचा बचाव होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ उघडून टेबलावर पडली होती आणि तिच्यापायी दोन बहिणी कायमच्या तुटायची वेळ आली होती. खरंच सांगतो, त्या क्षणी ते नाणं गिळून टाकावंसं वाटलं.

"आणा इकडे," सासरे म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. चाळीस वर्षं केसाएवढे स्प्रिंग बसवलेला माणूस! साडूंनी अदबीने नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. सासऱ्यांनी ते डोळ्यांजवळसुद्धा नेलं नाही. अंगठा एकदा फिरवला, मान हलवली.

"वर सम्राट पडला होता. मी बघितलं ना. डोक्यावर मुकुट आहे. नाक जरा झिजलंय, एवढंच."

प्रश्न मिटला. मेहुणीने डोळे पुसले, नशिबापुढे कोणाचं चालतं असं म्हणाली, आणि बहिणीच्या गळ्यात पडली. संध्याकाळी दोन बॅगा आमच्याकडे आल्या.

मी तर हवेतच होतो. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांना दुकानात नेलं आणि आग्रहाने खुर्चीत बसवलं. गेली तीन वर्षं ते डोळे तपासू देत नव्हते. घड्याळवाल्याचे डोळे चष्मेवाल्याने तपासायचे नसतात, म्हणायचे. पेपर वाचणंही सोडलं होतं, बातम्यांत आता राम राहिला नाही म्हणून. या वेळी मात्र मुकाट बसले. मी पाटीवरचं सगळ्यात मोठं अक्षर लावलं, ताटाएवढं.

"कोणतं अक्षर?"

"कुठे?"

"समोर, भिंतीवर. भिंत दिसतेय ना?"

"भिंत असणारच. दुकान आहे म्हटल्यावर भिंत असणार."

दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू! घरचा माणूस, तोही चष्मेवाल्याच्या घरचा. दिव्याखाली अंधार तो हाच. जिन्याची पायरी का चुकली तेही आत्ता कळलं. मला स्वतःची लाज वाटली आणि मग एकदम आठवलं.

"मग परवा नाण्यावर सम्राट कसा दिसला?"

"मला टेबलसुद्धा नीट दिसत नव्हतं, जावईबापू," सासरे शांतपणे म्हणाले. "पण मला तुमच्याकडेच यायचं होतं. तसं म्हटलं असतं तर धाकटीला लागलं असतं. नशिबावर कोणी रुसत नाही."

मला विचारल्यावाचून राहवेना. "आमच्याकडेच का?"

"त्या नाण्यांमुळे."

छाती अशी फुगली की कोटाचं बटण ताणलं! शेवटी पारख झाली!

"तुमच्या सासूबाई गेल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता," ते म्हणाले. "डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, काही उपयोग नाही. पण रविवारी तुम्ही ती पेटी उघडलीत की दुसऱ्या सम्राटापर्यंत मला अशी गाढ झोप लागते म्हणून सांगू! तिसरा सम्राट कोण, हे मला आजतागायत माहीत नाही."

मी पाटी बंद केली.

गेल्या आठवड्यात त्यांच्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. थिएटरच्या दारात डॉक्टरांनी समजावलं, घाबरायचं काही कारण नाही, फक्त डोळ्यापुरती भूल देऊ. फार भीती वाटत असेल तर गुंगीचं इंजेक्शनही देता येईल. सासऱ्यांनी हात हलवून नको म्हटलं.

"इंजेक्शन कशाला? जावयांना आत घ्या. मात्र पेटी आणायला सांगा."

डॉक्टर हसले, नर्स हसली, बायको तर भिंतीला टेकून हसली. मीही हसलो. काय करणार, पेटी माझ्या पिशवीतच होती.