मोरपंखी गाडीचा फेरजबाब

टोटल लॉस झालेल्या गाडीची किंमत विमा कंपनी गाडीलाच विचारते, आणि कराडच्या मुकुंदराव ताट्यांच्या मोरपंखी गाडीने स्वतःची किंमत सांगितली आठ हजार.

मुकुंदरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उसाने भरलेली ट्रॉली अंगावर कलंडली तेव्हा या बयेने हूं की चूं केलं नव्हतं, आणि आता तोंड उघडलं ते हे बोलायला! तावातावाने ते गॅरेजच्या मागे गेले. मागोमाग त्यांच्या पत्नी शालिनीबाई आल्या. डिकीत त्यांची छत्री अडकली होती. गाडी पापडासारखी होऊन पडली होती, आणि तिच्या शेजारी कंपनीचा सर्व्हेअर पेठकर डबा उघडून भेंडीची भाजी खात होता.

मुकुंदरावांनी आधी पेठकरला झाडलं. दीड लाखाच्या खाली गाडी नाही, बाजारात कुणालाही विचारा म्हणाले. पेठकर भाजी संपवत म्हणाला की बाजाराला विचारायची पद्धत नाही, बाजार खोटं बोलतो. हरकत असेल तर गाडीचा फेरजबाब घेता येईल.

"मग घ्या की. वाट कसली बघताय?"

पेठकरने हात धुतले, नीट पुसले आणि गाडीला पुन्हा विचारलं. गाडी ओशाळून म्हणाली, "आमचं काय हो, साधंच आहे. घेतली आपली कशीतरी. ढकलायची झालं."

मुकुंदराव चपापले. वाक्य त्यांचंच होतं. गाडी दारात आल्यापासून कुणी तिच्यावरून हात फिरवून 'झकास' म्हणालं, की दृष्ट लागू नये म्हणून ते हेच म्हणत आले होते. पुढे लिंबू-मिरची, मागे काळी बाहुली आणि वरून हे वाक्य. गाडी शेजारीच उभी राहून ऐकत होती.

"अगं, ते लोकांना सांगायला होतं," ते गाडीला म्हणाले, आणि मग तिचं कौतुक करायला लागले. थंडीतसुद्धा एका चावीत चालू होते, पोटचं पोर ऐकत नाही एवढी ऐकते, असं बरंच.

गाडी लाजून चूर झाली. "हा यांचा मोठेपणा," ती पेठकरला म्हणाली. "सात लिहा."

मुकुंदराव मटकन टायरवर बसले.

तोवर शालिनीबाईंची डिकीशी झटापट चालली होती. छत्री निघेना. "काय मेलं आहे त्या डबड्यात?" त्या कडाडल्या. "माझ्या भावाच्या लग्नाला निघालो तर कुंभार्ली घाटात बसली. अक्षता पडल्यावर पोचलो आम्ही."

गाडीचा उरलेला एक दिवा लागला.

"वहिनी, आत आठ माणसं होती," गाडी म्हणाली. "टपावर आहेराचं कपाट आणि कपाटात तुमच्या लोणच्याच्या बरण्या. तरी जेवणाच्या पंगतीला पोचवलं ना? डबडं म्हणे! लिहा हो पेठकर, एक लाख सत्तर. आणि स्टेपनी नवी आहे, तिचे वेगळे."

पेठकरने लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. गाडीने हॉर्न वाजवून मान्य केलं. डिकी आपोआप उघडली. शालिनीबाईंनी छत्री घेतली आणि आपण बोललो ते मनापासून बोललो, असं जाता जाता सांगितलं.

पाडव्याला ताट्यांच्या दारात नवी लाल गाडी आली. हार घालून होतोय तोच शेजारचे कदम आले आणि टपावर थाप मारून म्हणाले, "फक्कड आहे हो, ताटे."

"आपली साधीच..." म्हणता म्हणता मुकुंदरावांनी जीभ चावली. समोर कदमांची नजर होती. शेजारी गाडी होती, आणि तिचा मिटलेला आरसा हळूच उघडून त्यांच्याकडे वळला होता.

"भंगार आहे हो नुसतं," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "फसवलं मला."

नव्या गाडीने असा संतापून हॉर्न दिला की कदम दोन पावलं मागे सरले. मुकुंदरावांनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला.