हेगेलेसाहेबांनीं अठ्ठेचाळीस पायऱ्या सर केल्या त्याची हकीकत

सकलगुणसंपन्न वाचकमंडळींचे सेवेसी तळमजल्यावरील जुन्या भाडेकऱ्याचा दंडवत. उपरी विज्ञापना ऐसीजे. आपण आज्ञा केली कीं, श्वाबन मुलुखाचे सरसुभेदार वेंडेलिन हेगेले यांणीं हाइडेलफिंगेन कसब्यांत जिन्याची मोहीम कैशी मारिली, तें साद्यंत लिहोन पाठविणें. त्यास, जैसें दाराचे भिंगांतून देखिलें तैसें लिहितों. तिखटमीठ लाविलें असेल तें केवळ चवीपुरतें.

हेगेलेसाहेब मूळचे पाववाल्याचे पुत्र. वयाचे सोळावे वर्षीं ससेपालक मंडळाची चिटणिशी हस्तगत केली, आणि तेथून अग्निशमन पथकांत शिरले, आणि मग गायनमंडळींत उभे राहिले. सूर नव्हता, परंतु उंची होती. मग नगरसभा काबीज केली, मग जिल्हा घेतला, मग पक्षाची सुभेदारी घेऊन श्टुटगार्टचे दरबारीं पुढील रांगेची खुर्ची पटकाविली. तेवीस वर्षांत एकतीस फिती कापल्या, आणि नऊशें जत्रांत बटाट्याचें सॅलड खाऊन प्रत्येक गावीं सांगितलें कीं, ऐसें सॅलड आमचे मातोश्रींचे हातीं देखील नाहीं. आणि नऊशें गावांनीं तें खरें मानिलें.

ऐसा प्रतापसूर्य माध्यान्हीं असतां संकट ओढवलें. पक्षाची पुढील उमेदवारी रविवारी सकाळी दहास व्यायामशाळेंत हात वर करोन ठरावयाची, आणि शेजारील तालुक्याचे एक तरुण वकील मोर्चे बांधोन बसलेले. कसब्याचे साठ हात साहेबांचे. परंतु ते साठही फ्राउ श्टाइमर यांचा हात पाहोन वर जात. या बाई खाटकाच्या विधवा, वय एक्याऐंशी, साहेबांचे समोरील दारीं राहणार. त्यांचा हात खालीं तर सुभेदारी खालसा, हें सर्वांस विदित.

आणि त्याच सप्ताहीं जिना झाडण्याची पाळी साहेबांवर आली. आमचे इमारतींत आठ बिऱ्हाडें. ज्याची पाळी त्याचे दारीं लांकडी पाटी टांगितात, आणि शनिवारी सहाचे आंत जिना, तळघर आणि रस्त्याकडील फरशी लख्ख करावी लागते. रविवारी झाडू हातीं धरणें हें पातक. एकोणीस वर्षें ही पाळी साहेबांचे कुटुंब गुड्रूनबाई निभावीत; परंतु त्या गुडघ्याचे व्याधीस्तव ऊन पाण्याच्या झऱ्यांवर मुक्कामास गेलेल्या. आणि साहेब सहा दिवस दरबारीं. शनिवारी दोन प्रहरीं आले, तों दारीं पाटी, आणि समोर बाई उभ्या.

"हेर हेगेले, सहाला संपते तुमची पाळी. ते खालचं वाळकं पान मी सोमवारपासून बघतेय. आता ओळख झालीय आमची."

साहेबांनीं तत्काळ चिटणीस फोग्ट यांस फर्मान धाडिलें, आणि अर्ध्या घटकेंत भाडोत्री फौज दोन असामी, केर ओढण्याचें यंत्र एक, ऐसी दाखल जाहली. यंत्र गर्जूं लागलें, आणि भिंती हादरल्या, आणि बाई बाहेर आल्या.

"हा जिना आहे की विमानतळ? न्या तो हत्ती खाली!" आणि साहेबांकडे वळून म्हणाल्या, "ज्याला स्वतःचा जिना परक्याकडून झाडून घ्यावा लागतो, त्याच्यासाठी मी उद्या हात वर करू? खांदा दुखतो माझा."

फौज परतली. मग साहेबांनीं गुड्रूनबाईंकडे फोनवरून मसलत मागितली.

"गुड्रून, झाडू कुठे आहे गं?"

"कुठला? मऊ, खराट्यासारखा, की रस्त्याचा?"

"तीन आहेत?"

"एकोणीस वर्षं तीनच आहेत, वेंडेलिन. आणि हे बघ, सुरुवात वरून..."

"कळतं मला! जिल्हा चालवतो मी!" म्हणोन साहेबांनीं फोन ठेविला, आणि तळमजल्यापासोन चढाई आरंभिली.

एक एक पायरी घेत, धुरळा उडवीत, साडेतीनास शिखर गांठिलें. बाई दारांत खुर्ची टाकोन कॉफी घेत होत्या.

"अभिनंदन. आता खाली बघा."

साहेबांनीं पाहिलें. वरील मजल्यांचा समस्त केर खालील पायऱ्यांवर उतरोन छावणी देऊन बसला होता. तेव्हां जन्मभराची संवय मुखीं आली, आणि साहेब बोलोन गेले, "हा केर मागच्या पाळीचा आहे, फ्राउ श्टाइमर."

"मागची पाळी माझी होती."

तेसमयीं साहेबांची जी चर्या जाहली, ती तीन निवडणुकांत कोणीं देखिली नव्हती.

मग कोट उतरविला, आणि गळपट्टा सदऱ्यांत खोविला, आणि वरून खालीं दुसरी मोहीम मांडिली. बादली उपडी जाहली, ती पुन्हा भरिली. कोपरे ओले राहिले, ते पुन्हा पुसिले. आणि गुडघे टेकोन हातबुरुशानें एक एक कोन घांसला. सत्ताविसावे पायरीवर डावा गुडघा करकरला, आणि साहेब तेथेंच बैसले. बाईंस विचारिलें, "गुड्रूनसुद्धा अशीच गुडघ्यांवर...?"

"मग काय, भाषण देऊन निघतो होय केर?"

साहेब उठले, आणि उरल्या पायऱ्या घांसल्या, आणि तळघर घेतलें, आणि फरशी झाडिली. वाळकें पान स्वहस्तें डब्यांत गेलें, तों देवळाची घंटा सहाची जाहली. बाईंनीं खालीं येऊन कठड्यावरून बोट फिरविलें, बोट दोहों अंगांनीं पाहिलें, आणि कांहीं न बोलतां वर गेल्या. या मुलुखीं याहून मोठी तोफांची सलामी नाहीं.

रविवारी व्यायामशाळेंत दरबार भरला. वकीलसाहेबांनीं पाऊण तास भाषण केलें. मग फ्राउ श्टाइमर उठल्या.

"कोपरे बरे निघाले यांचे. पण एक सांगते, हेर हेगेले. यापुढे पाटी आली की झाडू तुमच्या हातात. गुड्रूननं हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल."

साहेबांचें इतकें आंखूड भाषण कोणीं ऐकिलें नव्हतें. बाईंनीं दुखरा हात वर केला, आणि साठ हात त्यामागें उठले.

येणेंप्रमाणें अठ्ठेचाळीस पायऱ्या, तळघर एक आणि फरशी पंधरा पावलें सर होवोन सुभेदारी कायम जाहली. शत्रु वकीलसाहेब सॅलड न खातां कूच करोन गेले. आपले बाजूचे जखमी एक, सरसुभेदारांचा डावा गुडघा. त्यास उपचारार्थ झऱ्यांवर गुड्रूनबाईंचे शेजारील खोली घेतली असे. बहुत काय लिहिणें, फत्ते.