तयार उत्तर

रुग्णालयात खाट रिकामी आहे की नाही, हे खाटेकडे बघून ठरवण्याची अडाणी पद्धत पूर्वी त्या रुग्णालयातही होती. पुढे संगणक आला आणि बघण्याचे काम त्याच्याकडे गेले. नोंदणीच्या खिडकीवरच्या बाई बटण दाबत. संगणक आजवर दाखल झालेल्या आणि घरी गेलेल्या प्रत्येक माणसाची नोंद चाळून बेरीज-वजाबाकी करत बसे, आणि तोवर रांगेतल्या लोकांच्या नाकी नऊ येत. उत्तर अगदी खरे असे, पण त्याचे कौतुक कुणाला? लोकांना ते लवकर हवे होते.

हा तिढा संगणक विभागाच्या प्रमुखांनी सोडवला. दर वेळी पहिल्यापासून मोजायचे कशाला? एकदा मोजायचे, उत्तर जपून ठेवायचे आणि कुणी विचारले की तेच पुढे करायचे. त्यांच्या धंद्यात या सोयीला मटेरियलाइज्ड व्ह्यू असे भारदस्त नाव आहे. रुग्णालयाने तिला ‘तयार उत्तर’ म्हटले आणि प्रमुखांना झटपटराव. बाईंनी बटण दाबायचा अवकाश, उत्तर हजर. रांग भराभर सरकू लागली. सोय खरोखर चांगली होती, हे मान्य केले पाहिजे. फक्त ते उत्तर अधूनमधून ताजे करावे लागे, आणि तेवढा वेळ सगळ्या खिडक्यांवरचे संगणकाचे पडदे गोठून बसत.

त्यावरून ओरड झाली. म्हणून तासातासाला ताजे होणारे उत्तर रोज पहाटे ताजे होऊ लागले, मग फक्त रविवारी, आणि शेवटी ‘अधीक्षकांच्या मंजुरीने, गरजेनुसार’. गरज कुणालाच भासेना, कारण तयार उत्तर पाहिले की सगळे कसे सुरळीत दिसे. मग स्वयंपाकघराने खाटांच्या तयार उत्तरावरून जेवणाचे तयार उत्तर बनवले, आणि जेवणाच्या उत्तरावरून धोबीखात्याने चादरींचे. शिळ्यावर शिळे रचत गेले. घरी गेलेल्या माणसांच्या नावाने दोन्ही वेळा पथ्याचे ताट येई, आणि खाटेवर उपाशी बसलेल्याला वाढपी नम्रपणे सांगे, “तुम्ही अजून आलेला नाहीत.”

कक्षातल्या सिस्टरनी तक्रार केली. अधीक्षकांनी तिची गंभीर दखल घेऊन आदेश काढला: पडदा आणि कक्ष यांत तफावत आढळल्यास कक्ष दुरुस्त करण्यात यावा. तेव्हापासून पडद्यावर भरलेल्या पण प्रत्यक्षात रिकाम्या खाटांवर उशा आडव्या ठेवून वर पांघरूण घालायची पद्धत पडली. तपासणीला आलेले पाहुणे उशांची विचारपूस करून समाधानाने परत गेले. झटपटरावांचा ऊर भरून आला. त्यांना सन्मानाची ढाल मिळाली, आणि त्या भरात त्यांनी मंजुरीशिवाय यंत्रणेत शिरायच्या उरल्यासुरल्या चोरवाटाही बुजवून टाकल्या.

अशातच एका दुपारी त्यांच्या आत्याला शेजाऱ्यांनी गाडीत घालून तिथे आणले. आईच्या माघारी झटपटरावांना लहानाचे मोठे केले ते हिनेच. तिला धाप लागली होती, ओठ काळेनिळे पडले होते. झटपटराव धावत खिडकीशी आले.

“साहेब, बायकांच्या कक्षात एकही खाट नाही,” बाई म्हणाल्या.

“अहो, माझी आत्या आहे.”

“म्हणून तर दोनदा बटण दाबलं. दोन्ही वेळा झटपट उत्तर आलं.”

झटपटराव कक्षात गेले. ओळीने खाटा रिकाम्या होत्या.

“रिकाम्या कुठे? पांघरूण घातलंय की,” सिस्टर म्हणाल्या.

“खाली उशी आहे, सिस्टर.”

“पडद्यावर पाय मोडलेली मुलगी आहे. तिच्यावर आत्यांना झोपवलं तर एका खाटेवर दोघी होतात, आणि चौकशी माझी लागते. तुम्ही ते उत्तर ताजं करून आणा.”

झटपटरावांनी अधीक्षकांची खोली गाठली.

“देतो की मंजुरी, त्यात काय,” म्हणत अधीक्षकांनी बटण दाबले. पडद्यावर अक्षरे उमटली: मंजुरी देणारे अधिकारी रजेवर आहेत. “बरोबर आहे. मागच्या महिन्यात गेलो होतो.”

“पण साहेब, तुम्ही समोर बसलाय.”

“ते तुम्हाला दिसतंय, मला दिसतंय. यंत्रणेला कुठे दिसतंय?”

“मग हजेरीचं तयार उत्तर आधी ताजं करू.”

“करा ना. त्याला मंजुरी कुणाची लागते?”

“तुमची.”

अधीक्षकांनी चहाचा घोट घेतला. “मग असं करा, मी रजेवरून आलो की या.”

झटपटरावांनी कपाळावर हात मारला. बुजवलेल्या चोरवाटांतली एखादी तरी उघडी आहे का, ते त्यांनी पाहिले. त्यांचे काम चोख होते.

तोवर आत्याची मान कलायला लागली होती. शेवटी सिस्टरनाच दया आली. “उशीच्या नावावर झोपवू या त्यांना,” त्या म्हणाल्या. उशी काढली आणि आत्या पाय मोडलेली मुलगी म्हणून रुजू झाली. थोड्याच वेळात प्लॅस्टर घालणारा आपले सामान घेऊन हजर.

“उजवा पाय ना?”

“अरे, मला श्वास घेता येत नाहीये,” आत्या कशीबशी म्हणाली.

“ते पडद्यावर नाही, आजी.” आणि त्याने तिचा धडधाकट पाय गुडघ्यापर्यंत नीट बांधून काढला.

मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा त्यांचा चष्मा घरी राहिला होता. पडदा वाचता येईना, म्हणून नाइलाजाने त्यांनी रुग्णाकडे पाहिले. पाहताक्षणी प्राणवायू लावला, छाती तपासली आणि झटपटरावांकडे वळल्या.

“दम कधीपासून लागतोय?”

“आजच,” झटपटराव चटकन म्हणाले. “एरवी आत्या ठणठणीत असते.”

आत्याने तोंडावरचा मुखवटा जरासा बाजूला केला. “गेल्या उन्हाळ्यापासून,” ती म्हणाली. “तुला फोनवर सांगत होते की रे. तू म्हणायचास, तुला काय धाड भरलीय, तू ठणठणीत आहेस.”

“तुम्ही यांना शेवटचं कधी पाहिलं होतंत?” डॉक्टरीणबाईंनी विचारले.

या प्रश्नाचे उत्तर तयार नव्हते. झटपटराव मोजायला लागले. घरातले लग्न, त्याच्या आधीचे बारसे, त्याच्याही आधी कुठेतरी अंगणात कपडे वाळत घालणारी आत्या. वेळ लागत होता, आणि या वेळी त्यांना घाई करवेना.

“उन्हाळ्यातच आणलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आता हृदय किती साथ देतंय, ते बघायचं.”

झटपटराव आत्याचा हात धरून बसले. बाहेर खिडकीवर बाई नव्या माणसाला सांगत होत्या की बायकांचा कक्ष भरलेला आहे. रांग छान सरकत होती.

तुम्हाला या लोकांचे हसू आले असेल. येऊ द्या, त्यांची तीच लायकी आहे. जाता जाता एकच सांगा, तुमच्या घरची म्हातारी माणसे कशी आहेत?

बघा, किती चटकन आले उत्तर.