गोल बसवणाऱ्या माकणीकर मॅडम

शाळेला आग लागली असं ओरडत कुणी आलं, तरी आमच्या माकणीकर मॅडम चष्मा सारखा करून एवढंच विचारतील, "बरं. कुणाला लागलं?"

आजवर आग लागली नाही, त्यामुळं खात्रीनं सांगता येत नाही. पण उसाच्या ट्रॅक्टरनं शाळेची भिंत पाडली तेव्हा त्यांनी हेच विचारलं. सहावीच्या पोरांनी टाकीचा नळ मोडला तेव्हाही हेच. एकदा स्टाफरूममधला माझा डबा कुणीतरी खाल्ला. "कुणी खाल्ला?" म्हणून मी तणतणत होतो.

"कुणी ते राहू द्या हो सर. तुम्हाला लागलं का?"

"लागली ना. भूक लागली!"

त्यांनी पिशवीतली अर्धी भाकरी काढून दिली आणि पुन्हा वह्या तपासायला लागल्या.

मी ढोकीजवळच्या एका गावात हायस्कुलात पी.टी. शिकवतो. शाळेच्या शिस्त समितीचा प्रमुख आहे. समितीत मी एकटाच आहे. माझ्याकडं शिट्टी आहे, आवाज आहे आणि पूर्वी डस्टरही होतं. ते मी पोरांना लागू नये म्हणून मुद्दाम भिंतीवर फेकायचो. एकदा भिंत चुकली आणि हेडसरांचा चहा गेला. तरीही माझी शिट्टी ऐकून कारखान्याचा भोंगा दबकून वाजतो, असा माझा समज होता.

मॅडम विज्ञान शिकवतात. धाराशिवला एकट्या राहतात, एस.टी.नं येऊन-जाऊन करतात. मध्ये आम्हा दोघांना एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं. शाळेतली भांडणं शिक्षेशिवाय कशी मिटवायची, असा काहीतरी विषय होता. मला तिथली बालूशाही आठवते. मॅडम मात्र तिथून तीन प्रश्न घेऊन आल्या. काय झालं? कुणाला लागलं? आता नीट कसं करायचं?

तेव्हापासून त्यांच्या काखेत एक गुंडाळलेली सतरंजी असते. कुठं भांडण दिसलं की सतरंजी अंथरायची, भांडणाऱ्यांना गोल बसवायचं आणि मध्ये डस्टर ठेवायचं. डस्टर ज्याच्या हातात त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. "शिक्षेनं पोरगं गप बसतं, सर. नीट बसत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी म्हणायचो, "गप बसलं तरी लई झालं."

हे खूळ शाळेपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण एकदा एस.टी.त कोंबडीच्या तिकिटावरून कंडक्टर आणि एका म्हातारीची जुंपली. मॅडम सतरंजी घेऊन उठल्या. गोल बसायला जागा नव्हती, म्हणून मधल्या वाटेत लांबोळं बसवलं. कंडक्टर नंतर मला म्हणाला, "तुमच्या मॅडमला सांगा, कोंबडीला पण डस्टर दिलं त्यांनी." मी हा किस्सा वर्षभर रंगवून सांगितला. हसणाऱ्यावर पाळी येतेच, ती माझ्यावर आली.

गॅदरिंगची तयारी चालू होती. नववीतला सुदर्शन व्हरांड्यात माझी नक्कल करत होता. पोट पुढं, शिट्टी तोंडात, मान डुलवत. मी त्याला मानगुटीला धरून परिपाठाला सगळ्या शाळेपुढं उभा केला. म्हटलं, "कर आता, सगळ्यांसमोर कर!" मला वाटलं, लाजेनं मान खाली घालील. त्यानं केली. इतकी हुबेहूब केली की शाळा लोळायला लागली. हेडसरांनी तोंडाला रुमाल लावला. शेवटी त्यानं डस्टर फेकायचं सोंग केलं, तर पहिल्या रांगेतली पोरं सवयीनं खाली वाकली.

माझं डोकं फिरलं. सुदर्शनची आई मंगलबाई शाळेतच खिचडी शिजवते. मी माईकवरून म्हणालो, "आई खरकटं काढती अन् पोरगं हिरो झालंय!"

हसू एकदम थांबलं. शिस्त आली, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर माझ्या मोटारसायकलची सीट उभी फाडलेली होती. आतला स्पंज बाहेर लोंबत होता आणि चाकाजवळ सुरी पडली होती. मंगलबाईनं ती उचलली आणि स्वतःच हेडसरांच्या टेबलावर आणून ठेवली. "ही माझ्या खोलीतली हाय, सर. कांद्याची." एवढं बोलून ती दाराला धरून उभी राहिली.

मी ओरडत होतो, "दाखला हातात द्या त्याच्या! पोलीस बोलवा!" हेडसर म्हणाले, "शाळेत सुरी म्हंजी साधी गोष्ट न्हाय." मंगलबाईचं कामही जाणार, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "व्हय, साधी न्हायच. म्हणून तर बसायचं. हाकलला तर हेच पोरगं हाच राग घेऊन चौकात उभं राहील. तिथं त्याला कोण विचारणार हाय?"

मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "कुणाला लागलं, सर?"

"माझ्या सीटला!"

"ते दिसतंय. चला, बसा."

हेडसर, मंगलबाई, सुदर्शन, मॅडम आणि मी. सतरंजीवर मांडी घालताना माझी पॅन्ट कुठंतरी उसवली. आवाज सगळ्यांनी ऐकला, पण नियम असा की डस्टर हातात नसताना बोलायचं नाही. त्या नियमाचे मी मनातल्या मनात आभार मानले.

डस्टर आधी सुदर्शनकडं गेलं. तो बराच वेळ त्याचा फेल्ट कुरतडत बसला. "सीट म्याच फाडली," तो म्हणाला. "मला शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. सरांनी आईला मधी आणलं. रातच्याला ती जेवली न्हाय."

मग ते मंगलबाईकडं गेलं. तिनं डस्टर आधी पदरानं पुसलं. "सर, म्या खरकटं काढते हे खरंय. त्याची मला लाज न्हाय. पण तुमी असं म्हटलात, जणू म्याच खरकटं हाय." मग पोराकडं बघून म्हणाली, "अन् म्या ज्या सुरीनं लेकरांसाठी कांदा चिरते ती तू घेऊन गेलास. सरांच्या बोलण्यापरीस ते जास्त लागलं मला." सुदर्शन रडायला लागला.

डस्टर माझ्याकडं आलं. मी तोवर शिस्तीवर भाषण तयार केलं होतं. त्यात राष्ट्राचं भवितव्यही होतं. तोंडातून निघालं एवढंच, "सगळे हसले हो मला. हेडसरसुद्धा हसले."

हेडसर पंख्याकडं बघायला लागले. मंगलबाईच म्हणाली, "व्हय सर, तुम्हाला बी लागलंच की."

माझ्या नोकरीत हे मला पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं होतं. मी उगाच खोकून डस्टर पुढं सरकवलं.

आता नीट कसं करायचं, ते तिथंच ठरलं. सुऱ्या कुलपात राहतील आणि किल्ली हेडसरांकडं. सीट सुदर्शन स्वतः शिवेल. त्यानं दाभण घेऊन ती शिवली. टाके असे घातले की अजूनही खड्डा आला की मला कळतं, नेमकं कुठं ते सांगत नाही. आणि मी मंगलबाईची माफी मागायची, जिथं बोललो तिथंच.

परिपाठाला मी माईकसमोर उभा राहिलो आणि सवयीनं आधी शिट्टी वाजवली. सगळी शाळा सावधान झाली. त्या सावधान शाळेपुढं मी म्हणालो, "मंगलताई, मी चुकीचं बोललो. मला माफ करा." पुढं बोलायला अजून बरंच होतं, पण स्वयंपाकाच्या खोलीतून पळी हातात धरून ती ओरडली, "बास झालं सर! भात करपंल!"

सुदर्शन शाळेत राहिला. डस्टर मी मॅडमला देऊन टाकलं.

त्यानंतरच्या एका मंगळवारी एस.टी. आली नाही. मॅडम फाट्यावर उभ्या होत्या. म्हटलं, धाराशिवला सोडतो. त्या जरा अडखळत म्हणाल्या, "मला तुळजापूरला जायचंय. दर मंगळवारी जाते."

देवीला जात असतील, असं मला वाटलं. पण महाद्वाराच्या अलीकडंच त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. समोर हळद-कुंकवाचं दुकान होतं. गल्ल्यावर पन्नाशीचा माणूस, नाक अगदी मॅडमसारखं.

"माझा धाकटा भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "आई त्याच्याकडंच होती. तिला सोलापूरला दवाखान्यात नेलं तेव्हा मी परीक्षेच्या ड्युटीवर, फोन बंद. पोचले तोवर सगळं आटपलं होतं. दारात तो म्हणाला, आता कशाला आलीस? मी पण नको ते बोलले. तेव्हापासून बोलणं न्हाय."

"मग त्यांना बसवा की गोल!"

"बसायला त्यो यायला पाहिजे ना, सर."

त्या दुकानात गेल्या. कुंकवाची पुडी मागितली. भावानं गिऱ्हाईकाला द्यावी तशी दिली, वर बघितलं नाही. दर मंगळवारी एवढंच होत असणार. मॅडम बाहेर येऊन पायरीवर टेकल्या. त्या दिवशी सतरंजी आणली नव्हती. अख्ख्या गावाची भांडणं मिटवणारी बाई भावाच्या दुकानापुढं अशी बसली होती, जशी पोरं वर्गाबाहेर उभी राहतात. मीही शेजारी बसलो.

मग मागून चपला वाजल्या. भाऊ स्वतःच समोरच्या टपरीवर गेला आणि दोन कप घेऊन आला. एक मॅडमजवळ ठेवला, एक माझ्याजवळ. रस्त्याकडं बघत म्हणाला, "साखर टाकू दिली न्हाय मी. तुला चालत न्हाय ना."

आणि पुन्हा गल्ल्यावर जाऊन बसला.

माझाही चहा बिनसाखरेचा होता. मी तोंड वाकडं न करता प्यालो. मॅडमना मात्र तेवढासा कप संपवायला फार वेळ लागला.