निनावी फर्मानांची मोहीम

थोरांच्या लढाया थोर लिहवून घेतात. घरच्या लढाया राहून जातात, म्हणोन हे लिहिणे. शके १९२७, पार्थिव नाम संवत्सरी, मौजे फ्रीमाँट, प्रांत कॅलिफोर्निया येथे जे घडले ते न वाढविता, न झाकिता नमूद केले असे.

मातुःश्री शोभनाबाईसाहेब नागपुराहून सहा मासांच्या मुक्कामास आल्या, आणि सूनबाई आश्लेषाबाई मीटिंगपायी विमानतळावर सामोऱ्या न गेल्या, मग मातुःश्रींनी सुनेचे नावच टाकिले. कुकर लावला जावा, कपड्यांच्या घड्या केल्या जाव्यात, ऐशी फर्माने सुटो लागली. कोणी करावे, हे फर्मानात नसे. आश्लेषाबाईंस कामाचे दुःख नव्हते. नाव गेले, त्याचे होते.

बाईंची चाकरी एका डॅनिश जहाज कंपनीच्या सॉफ्टवेअरवर, सबब ती भाषा शिकणे प्राप्त जाहले. डेन्मार्क व नॉर्वे, उभय दरबारांची सरकारी लिखावट ऐशी, की क्रियापदाच्या शेपटीस एक 'स' जोडितात आणि कर्ता गुप्त होतो. सर्व्हर रविवारी तपासला जावा, ऐसा खलिता आला, आणि बाकी फौज यात आपले नाव नाही म्हणोन बार्बेक्यूस गेली, मग बाई एकट्या निघाल्या.

"तू का जातेस यार?" सहकारी अमितरावांनी पुसले.

"ज्या वाक्यात कर्ता नसतो ना, तिथं सून असते."

परंतु रविवारामागून रविवार गेले, मग बाईंनी त्याच घाटाचा खलिता उलट धाडिला: तपासणाऱ्याचे नाव कळविले जावे. कोपनहेगनाहून नाव आले. अमितरावांचे.

हेच हत्यार घरी चालवावे, ऐशी मसलत बाईंनी मनाशी केली. पुढल्या रविवारी तिसरे प्रहरी मातुःश्री वदल्या, "आज चहा टाकला जाणारे का?"

"जाईल की," म्हणोन बाई सोफ्यावर ठाण मांडून राहिल्या.

मातुःश्रींचे चिरंजीव निमिषराव लॅपटॉपाआडून म्हणाले, "मी टाकतो, आई."

"तू बस. तुझा चहा म्हणजे काढा."

शेगडी थंड, उभय पक्ष निश्चळ, आणि एक मालिका संपून दुसरी लागली, मग मातुःश्रींनी कपाळ धरिले.

"आश्लेषा, टाक गं चहा. डोकं चढलंय माझं."

बाई तत्क्षणी उठल्या, आणि आले किसले, आणि कप हाती दिला. मातुःश्रींनी घोट घेतला.

"साखर कमी पडली, आश्लेषा."

येणेप्रमाणे नाव दोन वेळां उच्चारिले गेले. फत्ते जाहली, तक्रारीसह नोंदिली असे.