शिकलेले मासे

साबळे मास्तरांच्या घरी चहा फुकट मिळत नसे. वीज असली तर मिळे. पण तेव्हाच्या जाफराबादेत वीज जावयासारखी होती. यायची तिच्या मर्जीनं आणि जाताना कोणाला सांगायची नाही. ती गेली की मास्तर आलेल्या माणसाच्या हातात सायकलचा पंप देत. पंपाची नळी समोरच्या माशांच्या काचेच्या टाकीत सोडलेली असे.

"ज्याला चहा हवा, त्यानं आधी हवा मारायची," मास्तर खुर्चीत बसून सांगत. "जल्दी न्हाई करायची. एका लयीत. बिलकुल शास्त्रशुद्ध!"

पोस्टमननं हवा मारली आहे, मतं मागायला आलेल्या उमेदवारानं मारली आहे. शेजारी आणि शाळेतला सहकारी या दुहेरी अपराधामुळे मी तर इतकी मारली की गावातलं सायकलचं दुकान मला कधीही नोकरीवर ठेवेल.

मास्तर आमच्या शाळेत भूगोल शिकवत. औरंगाबादच्या पलीकडे फारसे गेलेले नव्हते, पण आफ्रिकेविषयी असे बोलत की जणू तिकडे त्यांची कोरडवाहू जमीन आहे. मुंबईला असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यांना सांगितलं की आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातले मासे आता मुंबईत मिळतात, त्यांना सिक्लिड म्हणतात. झालं. मास्तरांनी जालन्याच्या एका लोहाराकडून लोखंडी चौकट करून आणली, तिच्यात काचा बसवल्या, फटींत लांबी भरली आणि पाणी ओतलं. ते सगळं पाणी आमच्या सामाईक भिंतीतून माझ्या ज्वारीच्या पोत्यात आलं.

"तुमच्या भिंतीला उतार हाय," मास्तर मला म्हणाले. "भूगोल हाय हा. टाकीचा दोष न्हाई."

टाकी गळायची थांबल्यावर दगडांचं वेड सुरू झालं. या माशांना म्हणे झाडंझुडं चालत नाहीत, दगडांच्या कपारी लागतात. मास्तर पूर्णेच्या पात्रातून पिशव्या भरभरून दगड आणत आणि चुलीवर पातेल्यात उकळत. आमच्या विहिरीच्या जड पाण्यात तुरीची डाळ शिजायची नाही, आणि हे गृहस्थ दगड शिजवत बसलेले! उकळलेले दगड त्यांनी दारात वाळत घातले, तर कोणीतरी त्यांतल्या गोल दगडाला शेंदूर लावून गेलं. मास्तर भडकले. श्रद्धेवर नाही, शेंदूर माशांना चालत नाही म्हणून. माझी आई वारली तेव्हा ते भेटायला आले, बराच वेळ मान खाली घालून बसले. मला वाटलं, माणूस हळवा आहे. मग म्हणाले, "तो न्हाणीतला दगड कोणी वापरतंय का आता?"

पाण्याबद्दल मात्र त्यांना आमच्या गावाचा मोठा अभिमान. "साबणाला फेस येत न्हाई म्हणून रडता? अरे, टांगानिकाचं पाणी बराबर असंच हाय! जगात दोनच जागा. एक टांगानिका, दुसरं जाफराबाद."

मासे आणायला मास्तर स्वतः मुंबईला गेले. परतताना जालन्याहून एस.टी.त मांडीवर झाकणाचा डबा घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, डब्यात काय? मास्तर खरं बोलले, तिथंच चुकले.

"कोंबडीचं तिकीट लागतंय, बकरीचं लागतंय," कंडक्टर म्हणाला. "माशाचं काय लावू?"

"हे साधे मासे न्हाईत. सिक्लिड हायेत."

"शिकलेले असोत का अडाणी, तिकीट लागंल."

अख्ख्या बसनं हे ऐकलं. मास्तर घरी पोचायच्या आत बातमी गावात पोचली की साबळे मास्तरनं आफ्रिकेतून शिकलेले मासे आणले. लोक बघायला आले. एका म्हाताऱ्यानं टाकीत निरखून विचारलं, "कितवीपर्यंत झालंय यांचं?" दुसऱ्यानं कोणतं कालवण चांगलं होईल ते सुचवलं. मास्तरांनी त्या दुसऱ्याला दारातूनच परत पाठवलं. तेवढ्यात वीज गेली, म्हणून त्याला पुन्हा बोलावलं.

मासे शिकलेलेच असावेत, कारण आपसांत फार भांडत. लाल पट्ट्याचा एक काळा मासा तर दिवसभर बाकीच्यांना कोपऱ्यात कोंडून मारायचा. मास्तर त्याची मोठ्या आवाजात वकिली करत. घरात आवाज तेवढा त्यांचाच. लग्न त्यांनी केलं नव्हतं. घरात दुसरं माणूस म्हणजे थोरली बहीण अक्का. नवरा वारल्यावर मास्तरांनी तिला राजूरहून आणलं होतं. ती खाटेवर भिंतीला टेकून बसलेली असे. आम्ही येताना-जाताना "अक्का, बरं हाय का?" म्हणायचो, ती नुसती बघायची. बाई मुकी आहे, असं गल्लीनं ठरवून टाकलं होतं. भाऊ एवढा बोलल्यावर बहीण मुकी होणारच, हा माझा त्यावरचा विनोद.

एका उन्हाळ्यात अक्काला उलट्या-जुलाब सुरू झाले. गावच्या डॉक्टरांनी हात टेकले. मास्तरांनी तिला जीपमध्ये घातलं आणि जालन्याच्या दवाखान्यात नेलं. जाताना मासे माझ्यावर सोपवले. आश्चर्य म्हणजे व्याख्यान दिलं नाही. नुसतं म्हणाले, "बघा जमलं तर."

दुसऱ्याच दिवशी गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला. मी पंप मारला, माझ्या बायकोनं मारला, पोस्टमननं जुन्या सवयीनं मारला. पण पाणीच इतकं तापलं की एकेक मासा वर येऊन आडवा होऊ लागला. लाल पट्टेवाला सगळ्यात शेवटी गेला.

ही बातमी निरोपानं कळवणं बरं नव्हतं. बायकोला घेऊन मी जालन्याला गेलो. मास्तर अक्काला चमच्यानं पेज भरवत होते. दाढी वाढलेली, शर्टावर पेज सांडलेली. मी तोंड उघडणार, एवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"चपराशानं आज कोणाला मारलं का हो?"

मी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. अक्काच बोलली होती, माझ्याशी.

"लाल पट्टेवाला," ती म्हणाली. "लै मारकुटा हाय. त्या पिवळीला जेवू देत न्हाई."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलं असावं. त्यांनी डोळ्यानंच खूण केली.

"मारतोय की," मी म्हणालो. "रोजच मारतोय."

"मेला," अक्का समाधानानं म्हणाली आणि तिनं पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.

बाहेर व्हरांड्यात मास्तरांनी विचारलं, "किती राह्यले?"

"एक बी न्हाई, मास्तर."

त्यांनी हातातला पेजेचा चमचा दवाखान्याच्या नळाखाली धुतला. मग आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी हळू आवाजात बोलले.

"दाजी गेले तवापासून अक्का बोलायचीच बंद झाल्ती. माझ्याशी न्हाई, कोणाशीच न्हाई. मी लै बडबड करायचो, एवढ्यासाठीच की चिडून तरी बोलंल. मासे आणले ते माझ्या हौसेनं. खोटं कशाला सांगू. पण एक दिवस त्या काळ्यानं पिवळीला धरलं, तर ही खाटेवरून वरडली, 'सोड मेल्या तिला!' मी भाकरी करून राह्यलो होतो. तवा तसाच ठेवला. तवापासून ती त्यांच्याशी बोलतीय, मी घरात नसल्यासारखं करतो. घरात तिचा आवाज व्हतो, बस."

अक्काला अजून काही दिवस दवाखान्यात ठेवणार होते. मास्तरांनी तिला सांगितलं की बोर्डाचे पेपर तपासायला जायचंय, आणि मुंबईची गाडी पकडली. माझी बायको अक्काजवळ थांबली. मास्तर तसेच मासे शोधून घेऊन आले, तसाच काळा, तशीच पिवळी. येताना एस.टी.त किती तिकिटं फाडली कोण जाणे. टाकी पुन्हा धुतली, दगड पुन्हा शिजले, आणि मग अक्का घरी आली.

ती टाकीसमोर बसली. पुष्कळ वेळ बघत राहिली. काळ्याच्या अंगावरचा पट्टा जरा रुंद होता, मलाही दिसत होता. मास्तरांनी घसा खाकरला आणि व्याख्यान सुरू केलं. उन्हाळ्यात पाणी आटतं, क्षार वाढतात, त्यामुळे माशाचा रंग पसरतो, बिलकुल शास्त्रशुद्ध. अक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग ते चहा टाकायला आत गेले.

अक्का माझ्याकडे वाकली.

"हे ते न्हाईत," ती पुटपुटली. "पण त्याला सांगू नका मला कळलं म्हणून. लै दमलाय तो."